विकेटकीपिंग विसरा, मग कॅचर व्हा: या चुका टाळा

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला, पोरांच्या बेसबॉल लीगचा सीझन सुरू झाला की जाळीपलीकडून कुणीतरी देसी बाबा ओरडतोच, "अरे दोन्ही हात लाव, दोन्ही हात!" आणि मी कपाळावर हात मारतो. मी डोंबिवलीत शाळेच्या टीमचा कीपर होतो, आता सहा सीझन झाले इथे दहा ते बारा वर्षांच्या कॅचर पोरांना (कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचा, म्हणजे बॉलरचा, बॉल घेणारा) शिकवतोय, आणि दरवर्षी त्याच त्याच चुका बघून जीव विटलाय म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

तर हे दोन्ही हातांचं प्रकरण आधी. नवीन आलो होतो तेव्हा ऑफिसच्या लोकांची रविवारची टीम होती, एका मॅचला कॅचर आलाच नाही, मी छाती पुढे काढून म्हटलं मी आहे ना, आयुष्यभर कीपिंग केलंय, त्यात काय एवढं. दोन इनिंग मस्त गेल्या. तिसऱ्या इनिंगमध्ये मी सवयीने उजवा हात मिटच्या (डाव्या हातातला जाड ग्लोव्ह) शेजारी उघडा धरलेला, बोटं पुढे, आणि बॉल बॅटला जेमतेम चाटला. चाटला की तो अर्धा-एक इंच वाट बदलतो, तेवढंच पुरतं. थेट अंगठ्यावर. कीपरला दोन ग्लोव्ह्ज असतात हो, कॅचरला एकच मिट, दुसरा हात नागडा! अंगठा फ्रॅक्चर, सहा आठवडे पट्टी, नऊ बोटांनी कोडिंग. बायकोने शांतपणे विचारलं, "दोन्ही हातांनी पकडलास ना?"

माझी सवय आता अशी आहे: बेसवर (रन काढताना थांबायच्या जागा) रनर नसेल तर उजवा हात सरळ पाठीमागे किंवा पोटरीच्या आड. रनर असेल, पटकन थ्रो करायचा असेल, तर मिटच्या मागे, अंगठा मुठीच्या आत. एका हाताने बॉल घ्यायची ही पद्धत सिनसिनाटीच्या टीमचा कॅचर जॉनी बेंचने १९६० च्या दशकाच्या शेवटी लोकप्रिय केली, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी आमचे बाबा लोक ऐकत नाहीत.

दुसरी चूक माझ्या मते सगळ्यात महाग. टप्पा पडून आलेला बॉल पकडायला जाणं. पकडायचा नाहीये तो, अडवायचाय! कीपरच्या मागे निदान फाइन लेग, थर्ड मॅन असतो, कॅचरच्या मागे फक्त अंपायर आणि जाळी. मागच्या वर्षी सेमीफायनल, सहावी म्हणजे शेवटचीच इनिंग, स्कोअर बरोबरीत, दोन आउट (तिसऱ्याला इनिंग संपते), रनर थर्ड बेसवर. आमच्या कॅचरचे हात टीममध्ये सगळ्यात चांगले, आणि तोच घोळ झाला, कारण हातावर भरवसा असलेली पोरं अंग आड आणतच नाहीत. बॉल प्लेटच्या (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) हातभर अलीकडे टप्पा खाऊन आला, याने बसल्या जागेवरून मिट वाकडं करून उचलायला बघितला, मिटच्या बुडाला लागून बॉल गेला जाळीला, आणि रनर आरामात घरी, म्हणजे प्लेटवर, त्यांची रन झाली. मॅच संपली. पोरगं मास्क न काढता रडत होतं, म्हणजे आम्हाला दिसू नये म्हणून.

करायचं काय, तर दोन्ही गुडघे जमिनीवर, मिट आधी जमिनीला टेकवून दोन पायांमधली फट बंद, हनुवटी छातीला, खांदे पुढे गोल. बॉल छातीच्या प्रोटेक्टरवर आपटून समोरच दोन फुटांवर मेला पाहिजे, बस. मी टेनिस बॉल घेतो, पोराचे हात पाठीमागे बांधल्यासारखे ठेवायला सांगतो आणि दहा फुटांवरून टप्पे टाकतो, नुसत्या छातीने अडवायचे. भयंकर कंटाळवाणं आहे. दुसऱ्या दिवशी पोरं विचारतात फ्रेमिंग (कडेवरचा बॉल अंपायरला चांगला दिसेल असा घेणं) कधी शिकवणार, व्हिडिओ बघून आलेली असतात ना. मी म्हणतो आधी दोनशे बॉल छातीवर घे, मग बोलू.

आणि बॅटर आउट झाला म्हणून मॅच जिंकली असं समजू नका. बॅट हुकली किंवा चांगला बॉल सोडला की स्ट्राइक, तीन झाले की आउट, पण तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातातून निसटला तर बॅटर फर्स्ट बेसकडे पळू शकतो (अगदी लहान पोरांच्या गटात हा नियम नसतो, आपल्या लीगचं बघून घ्या). १९४१ च्या वर्ल्ड सिरीजची (अमेरिकेतल्या बेसबॉलची फायनल) चौथी मॅच, ब्रुकलिन डॉजर्स ४-३ ने पुढे, नववी इनिंग, दोन आउट, यांकीजच्या टॉमी हेन्रिकने शेवटच्या स्ट्राइकवर बॅट फिरवली, हुकली, आणि कॅचर मिकी ओवेनकडून बॉल सुटला. हेन्रिक फर्स्टवर पोचला, यांकीज ७-४ ने जिंकले.

फ्रेमिंगचं आता निघालंच आहे तर, क्रिकेटमध्ये आपण बॉलबरोबर हात मागे नेतो, इथे तसं केलं तर प्लेटच्या कडेवरचा चांगला स्ट्राइक मिटबरोबर बाहेर वाहत जातो. प्लेट सगळी १७ इंचांची. मिट आधी बॉलच्या बाहेरच्या किंवा खालच्या बाजूला न्या आणि आतल्या दिशेने घ्या, हळूच. झटका देऊन ओढू नका, अंपायर तुमच्या डोक्यावरच उभा आहे, त्याला दिसतं आणि रागही येतो.

बाकी पटापट. सेकंड बेसचा थ्रो हाताने नाही, पायांनी होतो, आधी पाय वळवा. बोटांचे सिग्नल मांडीच्या आत खोल, फर्स्टवरच्या रनरला दाखवायला नाहीत. बॅट फिरताना डोळे मिटतात ते सगळ्यांचेच, सवयीने कमी होतं. कप (म्हणजे आपला गार्ड) घालायचाच, पोरगं लाजलं तरी. पिचर चिडला तर जाऊन दोन शब्द बोला, तेही कॅचरचंच काम.

आणि प्लीज, नवीन मिट मऊ करायला मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. यंदा एकाने घातलं, चामड्याच्या वाद्या जळून कडक झाल्या, नवं मिट घ्यावं लागलं. मी रोज संध्याकाळी खलबत्त्यातल्या बत्त्याने मिटचा खळगा ठोकत बसतो, टीव्ही बघता बघता, दोन-तीन आठवडे लागतात. बत्ता आईने डोंबिवलीहून दिलेला आहे, तिला अजून वाटतं मी त्यात वेलची कुटतो.