स्विंडन टाऊन फॉलो करायची आहे? मग ऑगस्टपासूनच सुरू करा

स्विंडनला नवीन आलेली आपली मंडळी, कोणी नेशनवाइड या बिल्डिंग सोसायटीच्या (घरकर्ज देणारी बँकेसारखी संस्था) प्रोजेक्टवर, कोणी हॉस्पिटलमध्ये नोकरीला, एकदा घर लागलं आणि मुलांची शाळा सुरू झाली की विचारतातच, इथे फुटबॉल बघायला कुठे जायचं. डोक्यात आर्सेनल नाहीतर लिव्हरपूल असतं, आणि ती तिकिटं एक तर मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. अहो, रेल्वे स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर काउंटी ग्राउंड आहे, तिथे गावची स्वतःची टीम, स्विंडन टाऊन, खेळते, १८७९ पासून चालू असलेला क्लब आहे, ती धरा. ती लीग टूमध्ये खेळते, म्हणजे इंग्लिश फुटबॉलची वरून चौथी पायरी, त्यामुळे टीव्हीवरच्यासारखा खेळ दिसणार नाही हे आधीच सांगतो, पण प्लेअर एकमेकांवर ओरडतात ते शब्दन् शब्द ऐकू येतात आणि तुमचा पोरगा तिसऱ्या रांगेत बसून थ्रो-इन घेणाऱ्याला हाक मारू शकतो. ही मजा मोठ्या स्टेडियममध्ये नाही.

आधी हिशोब समजून घ्या, कारण त्याशिवाय सीझनच्या सुरुवातीला काहीच अर्थ लागत नाही. २४ टीम, प्रत्येकीशी घरी एक बाहेर एक, म्हणजे ४६ मॅच. पहिल्या तीन थेट लीग वनमध्ये जातात, चौथी ते सातवी यांच्यात मे महिन्यात प्ले-ऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, होऊन आणखी एक वर जाते, आणि शेवटच्या दोन खाली नॅशनल लीगमध्ये, म्हणजे चार डिव्हिजनच्या बाहेरच. म्हणजे सातवी आणि आठवी यांच्यातल्या एका पॉइंटवर अख्खा मे महिना ठरतो. ऑगस्टमधल्या साध्या वाटणाऱ्या ड्रॉचीही किंमत नंतर कळते, म्हणून सुरुवातीपासून बघा म्हणतोय.

पण टेबल मात्र बघू नका! निदान दहा मॅच होईपर्यंत तरी नाही. हे मी उगाच म्हणत नाही, २०२३-२४ चा सीझन आठवणारा कोणीही स्विंडनकर हेच सांगेल. १९ ऑगस्ट २०२३, रेक्सहॅमच्या ग्राउंडवर ५-५. पाच पाच! रेक्सहॅमने बरोबरी केली ती इंज्युरी टाइममध्ये. सप्टेंबरमध्ये क्रॉलीला ६-० हाणलं, टीम गोलांचा पाऊस पाडत होती, सगळ्या गावात एकच चर्चा, यंदा वर जाणार. आणि शेवट काय झाला? १९ वा नंबर, क्लब १९२० मध्ये फुटबॉल लीगमध्ये आला तेव्हापासूनचा सगळ्यात खालचा. तिकडे तीच रेक्सहॅम त्याच सीझनला प्रमोशन घेऊन वर गेली.

हे कसं झालं ते नीट बघा, कारण सुरुवातीच्या महिन्यात नेमकं काय बघायचं ते यातच आहे. गोल करणारे मुख्य दोघं, जेक यंग आणि डॅन केम्प. दोघंही लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून काही काळासाठी उसने घेतलेले, यंग ब्रॅडफर्ड सिटीचा आणि केम्प एमके डॉन्सचा. दोघं इतकं भारी खेळले की जानेवारीत त्यांच्या क्लबांनी त्यांना परत बोलावून घेतलं, आणि तेही याच लीगमधले क्लब. त्याच महिन्यात मॅनेजर मायकेल फ्लिनही गेला. म्हणजे ऑगस्टमध्ये जी टीम दिसत होती तिचा अर्धा जीव उसना होता.

म्हणून माझी पद्धत सांगतो. ट्रान्स्फर विंडो, म्हणजे प्लेअर घ्यायची-द्यायची मुदत, सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद होते ना, त्या रात्री बातम्या वाचून झाल्या की एक कागद घ्या नाहीतर फोनवर नोट उघडा. एका बाजूला क्लबचे स्वतःचे प्लेअर, दुसऱ्या बाजूला लोनवाले. लोनवाल्यांपुढे मूळ क्लबचं नाव लिहा. प्रीमियर लीगच्या अकॅडमीतून आलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असेल तर त्याला नियमित खेळायला मिळतंय म्हटल्यावर तो क्लब सहसा खुश असतो, पण आपल्याच लीगमधल्या नाहीतर एक पायरी वरच्या क्लबचा असेल आणि गोल करत असेल तर जानेवारीची भीती धरायची. मग प्रत्येक मॅचनंतर गोल कोणी केला, पास कोणी दिला, तेवढंच त्या नोटमध्ये टाका. ऑक्टोबर संपेपर्यंत निम्म्याहून जास्त गोल लोनवाल्यांच्या बाजूला दिसले तर टेबलात आपण तिसरे असलो तरी सांभाळून राहा, आणि उलट आपण पंधरावे असून गोल स्वतःच्या प्लेअरांचे असतील तर धीर सोडू नका.

उलटं उदाहरणही लगेच पुढच्याच वर्षीचं आहे. २०२४-२५ ची सुरुवात इतकी वाईट की ऑक्टोबरमध्ये मॅनेजर मार्क केनेडीला काढून इयन हॉलोवेला आणलं, तरी लगेच काही फरक पडला नाही, टीम तळाशी घुटमळत होती, लोक नॅशनल लीगची भाषा बोलायला लागले होते. आणि सीझन संपला तेव्हा बारावे! ज्यांनी सप्टेंबरमध्येच मॅचला जायचं सोडलं त्यांना ती सगळी चढण बघायलाच मिळाली नाही, मला त्यांचं खरंच वाईट वाटतं.

आता ग्राउंडचं. चार बाजू आहेत. डॉन रॉजर्स स्टँडमधून खेळ सगळ्यात छान दिसतो, पहिल्यांदा फॅमिलीला घेऊन जाताय तर तिथलं तिकीट काढा. त्याच्या समोर आर्कल्स, हे नाव इथल्या लोकल ब्रुअरीचं, बाहेरून आलेले फॅन याच बाजूला एका कोपऱ्यात बसतात. आवाज हवा असेल, गाणी शिकायची असतील तर टाउन एंड. आणि स्ट्रॅटन बँक उघडी आहे, वर छप्पर नाही, ऑगस्टच्या उन्हात तिथे बसायला फार मस्त वाटतं पण रेनकोट घेऊनच जा, छत्री उघडली की मागचे ओरडतात. गाडी शक्यतो आणू नका, ग्राउंडच्या शेजारीच मॅजिक राउंडअबाउट आहे, मधल्या एका मोठ्या सर्कलभोवती पाच छोटे, आणि मॅच सुटल्यावर तिथे काय होतं ते नवीन ड्रायव्हरने अनुभवायची गरज नाही. अजून एक, बिअर घेऊन सीटवर जाता येत नाही, इथला कायदाच तसा आहे, मैदान दिसेल अशा जागी दारू चालत नाही, म्हणून हाफटाइमच्या पाच मिनिटं आधी लोक उठून आत बारकडे पळायला लागतात. मॅच कंटाळवाणी आहे म्हणून चाललेत असं समजू नका.

आजूबाजूला बसणाऱ्यांशी बोला. साठी-सत्तरीतले आजोबा भेटतील, त्यांना १९६९ विचारा. १५ मार्च १९६९ ला तिसऱ्या डिव्हिजनच्या स्विंडनने वेम्बलीवर आर्सेनलला ३-१ हरवून लीग कप जिंकला होता, एक्स्ट्रा टाइममध्ये डॉन रॉजर्सचे दोन गोल, वर सांगितलेला स्टँड त्याच्याच नावाचा. हा विषय एकदा निघाला की हाफटाइम कमी पडतो. प्रीमियर लीगही बघून झालीये, १९९३-९४, एकच सीझन, आणि त्यात १०० गोल खाल्ले, तेही ते तितक्याच प्रेमाने सांगतात. आणि हो, स्विंडनमध्ये गोव्याची वस्ती मोठी आहे, बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, आणि गोव्याच्या माणसाला फुटबॉल काय ते शिकवावं लागत नाही. साळगावकर, धेंपो, चर्चिल बघत वाढलेला एखादा काका शेजारी बसला तर मराठी-कोंकणी मिसळून अख्खी मॅच छान जाते, ऑफसाइड होता की नव्हता यावर भांडायलाही आपली भाषा मिळते.

ग्राउंडला जाता आलं नाही तर शनिवारी तीनची मॅच इथे टीव्हीवर मिळत नाही, दुपारी २:४५ ते ५:१५ लाइव्ह फुटबॉल दाखवायलाच बंदी आहे. तेव्हा बीबीसी रेडिओ विल्टशरची कॉमेंट्री लावा. मंगळवारच्या रात्रीच्या मॅच बहुतेक ७:४५ ला. भारतातून बघणाऱ्यांसाठी तीन वाजताची मॅच म्हणजे संध्याकाळी ७:३०, आणि ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं मागे गेली की ८:३०. मंगळवारची मात्र मध्यरात्रीनंतर जाते, सकाळी उठून हायलाइट्स बघा. परदेशातून स्ट्रीमिंगचं काय ते दरवर्षी बदलतं, क्लबच्या वेबसाइटवर ऑगस्टमध्येच एकदा तपासून ठेवा.

कपच्या मॅच सोडू नका. ऑगस्टमध्ये लीग कपची पहिली फेरी असते, तिथे एखादा वरच्या डिव्हिजनचा क्लब घरी येतो. ईएफएल ट्रॉफीत प्रीमियर लीग क्लबांच्या अंडर-२१ टीम खेळतात म्हणून बऱ्याच जुन्या फॅनचा त्यावर बहिष्कार आहे आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, पण बेंचवरची पोरं कशी आहेत ते बघायचं असेल तर दुसरी जागा नाही. एफए कपची पहिली फेरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तिला साधी समजू नका, २०२३ मध्ये नॉन-लीगमधल्या, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या बाहेरच्या, अल्डरशॉटने आपल्याच ग्राउंडवर येऊन ७-४ ने हरवलं होतं. सीझनच्या सुरुवातीचे गोल जो कच्चा डिफेन्स झाकून टाकत होते, तो त्या एका दुपारी सगळ्यांना दिसला.

बाहेरगावची पहिली मॅच करायची असेल तर जवळची निवडा, चेल्टनहॅम आपल्याच डिव्हिजनमध्ये असेल त्या वर्षी तेच सगळ्यात सोपं. ब्रिस्टल रोव्हर्सची पहिलीच मॅच लहान मुलांना घेऊन नको, वातावरण तापलेलं असतं. ऑक्सफर्ड म्हणजे जुने वैरी, त्यांच्याबद्दल तर स्टँडमध्ये चांगलं काही बोलूच नका. अवे तिकिटं क्लबच्या साइटवर विक्रीला आली की लगेच घ्या, आणि ट्रेनपेक्षा फॅनसाठीच्या कोचची, म्हणजे बसची, चौकशी आधी करा, मंगळवारी रात्री दहाला मॅच सुटल्यावर परतीची गाडी मिळेलच असं नाही.