हलाल माल ऑनलाइन निर्यात करताय? या चुका टाळा

सांगलीचा बेदाणा, रत्नागिरीचा आंब्याचा पल्प, वेंगुर्ल्याचा काजू, आयुर्वेदिक तेलं, गोठवलेलं म्हशीचं मांस असा कितीतरी माल न्हावा शेवाहून आखाताकडे आणि आग्नेय आशियाकडे जातो. त्याच्या ऑर्डरी आता वेबसाइटवरून, मार्केटप्लेसवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगवरूनही येतात. ऑर्डर मिळवणं सोपं झालंय. पण माल मलेशियातल्या पोर्ट क्लांगला किंवा सौदीतल्या जेद्दाला अडकला की बहुतेक वेळा दोष मालात नसतो, माहितीत असतो. हलाल सर्टिफिकेटवर, म्हणजे माल इस्लामी नियमांत बसतो हे सांगणाऱ्या कागदावर, एक नाव, इन्व्हॉइसवर दुसरं, वेबसाइटवर तिसरंच काहीतरी. निर्यातीची कागदपत्रं करणारे आणि ऑनलाइन कॅटलॉग सांभाळणारे, अशा दोघांसाठीही हे लिहितोय, कारण या चुका दोघांच्या मध्ये कुठेतरी होतात.

अख्ख्या कॅटलॉगला हलालची टिक

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. शंभर उत्पादनांची एक्सेल शीट अपलोड करायची असते, त्यात ‘हलाल’ नावाचा रकाना असतो. कुणीतरी पहिल्या ओळीत ‘होय’ लिहितं आणि खालपर्यंत ओढतं. कंपनीकडे सर्टिफिकेट आहे ना, मग झालं!

नाही झालं. हलाल सर्टिफिकेट सरसकट कंपनीला मिळत नाही. ते ठरावीक कारखान्यात बनणाऱ्या ठरावीक उत्पादनांना मिळतं आणि त्यांची यादी सोबतच्या परिशिष्टात असते. आयुर्वेदिक कंपनीचं उदाहरण घ्या. तेल, उटणं, चूर्णं यांना सर्टिफिकेट आहे. त्याच कॅटलॉगमध्ये द्राक्षासव आणि अशोकारिष्टही आहे. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून अल्कोहोल आपोआप तयार होतं आणि ते बाटलीवर छापलेलंही असतं. त्या बाटलीशेजारी वेबसाइटवर हलालची हिरवी खूण दिसली की दुबईतला ग्राहक आधी तुमच्यावर चिडेल आणि मग तुमच्या तेलावरही त्याचा विश्वास राहणार नाही.

उपाय सरळ आहे. हलालची खूण हाताने लावायचीच नाही. प्रत्येक एसकेयूच्या (विक्रीच्या प्रत्येक वेगळ्या पाकिटाला दिलेल्या कोडच्या) नोंदीत सर्टिफिकेटचा क्रमांक, देणारी संस्था, कारखान्याचा पत्ता, सर्टिफिकेटवर छापलेलं उत्पादनाचं नाव आणि मुदत ठेवा. हे सगळं भरलेलं असेल आणि मुदत शिल्लक असेल, तरच सिस्टिमने खूण दाखवावी. मुदत संपली त्या रात्री ती आपोआप निघाली पाहिजे. नूतनीकरणाची आठवण निदान तीन महिने आधी यावी, कारण ऑडिटची तारीख मिळायला वेळ लागतो.

हिरवा ठिपका आहे म्हणजे हलाल आहेच

आपल्याकडे हा समज फार खोल रुजलाय. शाकाहारी माल आहे, त्यात मांसच नाही, मग हलालचा प्रश्न येतोच कुठे? पण हिरवा ठिपका दूध, मध असे अपवाद सोडून प्राणिजन्य घटक नाहीत एवढंच सांगतो. बिस्किटातल्या किंवा सरबतातल्या फ्लेवरचा द्रावक अल्कोहोल आहे का, हे तो सांगत नाही. त्याच लाइनवर आधी काय भरलं आणि ती कशाने धुतली, तेही सांगत नाही.

आणि लेबलवर कधीच न दिसणाऱ्या गोष्टी असतात. प्रक्रियेत वापरून पुढे काढून टाकलेलं एन्झाइम, गाळणीचं माध्यम, जंतू वाढवायचं पोषणद्रव्य. इंडोनेशियातलं अजिनोमोटोचं प्रकरण या धंद्यातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, ते जंतूंच्या साहाय्याने आंबवून बनवतात. कंपनीच्या इंडोनेशियातल्या कारखान्याने जंतूंच्या पोषणासाठी वापरला जाणारा एक घटक बदलला. नवा घटक सोयाबीनपासूनचा होता, पण तो तयार करताना डुकरापासून मिळवलेलं एन्झाइम वापरलेलं होतं. अंतिम पावडरीत डुकराचा अंश नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनीही ते खायला हरकत नाही असं सांगितलं. पण तिथल्या उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, परिषदेने ते मान्य केलं नाही. जानेवारी २००१ मध्ये माल बाजारातून परत घ्यावा लागला आणि कंपनीच्या काही अधिकाऱ्यांना ताब्यात घेण्यात आलं.

घटक बदलला तेव्हा सर्टिफिकेट देणाऱ्यांना वेळेवर कळवलं असतं, तर एवढं झालं नसतं. आज हा बदल आपल्याकडे कसा होतो? खरेदी विभागाला फ्लेवरचा स्वस्त पुरवठादार मिळतो, ईआरपीत, म्हणजे कंपनीची खरेदी-उत्पादन-साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा व्हेंडर कोड उघडतो, घटकाचं नाव मात्र तेच राहतं. कुणालाच काही कळत नाही. म्हणून ईआरपीत अशी अट घाला, की हलाल उत्पादनाच्या रेसिपीतला पुरवठादार बदलला तर नवीन बॅचचा आदेश आपोआप थांबेल आणि हलाल जबाबदारी असलेल्या माणसाच्या मंजुरीशिवाय सुटणार नाही. ई-४७१ सारखा इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) वनस्पती तेलापासूनही बनतो आणि जनावराच्या चरबीपासूनही. कोड एकच. जिलेटिन आणि ग्लिसरीन यांचंही तसंच, नाव वाचून मूळ कळत नाही. पुरवठादाराचं मूळ सांगणारं पत्र त्या नोंदीलाच जोडून ठेवा, मेलच्या ढिगाऱ्यात नको.

एक सर्टिफिकेट, सगळे देश

‘आमच्याकडे हलाल सर्टिफिकेट आहे’ या वाक्याला परदेशातला जाणकार खरेदीदार लगेच विचारतो, ‘कुणाचं?’ जगात एकच एक हलाल अधिकारी संस्था नाही. मलेशियात जाकिम, इंडोनेशियात बीपीजेपीएच, सिंगापुरात मुइस, सौदीत एसएफडीए, अमिरातीत उद्योग व प्रगत तंत्रज्ञान मंत्रालय. इस्लामी सहकार्य संघटनेच्या स्मिक या मानक संस्थेचं इस्तंबूलला कार्यालय आहे, तिची मानकंही आहेत, पण म्हणून प्रत्येक देशाने स्वतःची यादी सोडलेली नाही. कोणत्या भारतीय संस्थेचं सर्टिफिकेट चालेल हे त्या-त्या देशाच्या मान्यताप्राप्त यादीवर ठरतं. ती यादी बदलते. शिवाय मान्यता मर्यादित असू शकते, म्हणजे एखादी संस्था प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांसाठी चालेल, कत्तलखान्यासाठी चालणार नाही.

इंडोनेशियाकडे नीट लक्ष द्या. तिथे २०१४ च्या कायद्याने हलाल प्रमाणन ऐच्छिक राहिलेलं नाही. खाद्यपदार्थ आणि पेयांसाठी पहिला टप्पा १७ ऑक्टोबर २०२४ ला संपला, तर आयात मालाला आणि तिथल्या छोट्या उद्योगांना १७ ऑक्टोबर २०२६ ची मर्यादा दिली गेली. सौंदर्यप्रसाधनंही २०२६ च्याच टप्प्यात येतात. निषिद्ध घटक असलेला माल विकायला बंदी नाही, पण तो हलाल नाही हे पाकिटावर स्पष्ट लिहावं लागतं. आणि आपले लोक नेमके इथे अडकतात : भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे काम संपलं असं त्यांना वाटतं. ते सर्टिफिकेट बीपीजेपीएचच्या ‘सिहलाल’ या ऑनलाइन प्रणालीत नोंदवावं लागतं, आणि ते काम तिथल्या आयातदाराकडे असतं. करारात हे लिहून घ्या, नोंदणी क्रमांक आल्यावरच माल हलवा.

मांसाच्या बाबतीत आपल्याच देशाचा नियम आहे. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) अधिसूचनेनुसार १६ ऑक्टोबर २०२४ पासून अमिरात, सौदी, मलेशिया, इंडोनेशिया यांच्यासह १५ देशांना मांस ‘हलाल’ म्हणून पाठवायचं तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या आय-कॅस हलाल योजनेखाली मान्यता असलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट लागतं. आयातदार देशाची मान्यता आणि इथली मान्यता, दोन्ही तपासा.

वेबसाइटवर याचा अर्थ असा, की खूण ग्राहकाच्या देशाप्रमाणे दिसली पाहिजे. जकार्ताच्या ग्राहकाला दिसते तीच सगळ्यांना दाखवू नका.

नावं जुळत नाहीत

ही चूक कंटाळवाणी, पण कंटेनर अडकवणारी. सर्टिफिकेटवर ‘मँगो पल्प’. इन्व्हॉइसवर ‘अल्फान्सो मँगो पल्प, स्वीटन्ड’. डब्यावर खरेदीदाराचा स्वतःचा ब्रँड, जो सर्टिफिकेटच्या परिशिष्टात कुठेच नाही. पत्ता एमआयडीसीतल्या जुन्या प्लॉटचा आणि माल मात्र नव्या युनिटमधून निघालेला. बंदरावरचा अधिकारी तुमचा हेतू ओळखू शकत नाही, तो अक्षरं ताडून पाहतो.

यावर एकच मास्टर नोंद ठेवा आणि इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, लेबल, वेबसाइटचं पान सगळं तिच्यातूनच तयार होऊ द्या. दुसऱ्याच्या ब्रँडखाली माल देत असाल तर तो ब्रँड आधी परिशिष्टात घालून घ्या. आखातासाठी अरबी लेबल लागतं. ते भाषांतर एकदा जाणकाराकडून करून त्याच नोंदीत बंद करा, दर खेपेला नवा अनुवाद नको. मांसासाठी कारखान्याच्या सर्टिफिकेटखेरीज प्रत्येक खेपेचं वेगळं हलाल सर्टिफिकेट लागतं. त्यावरच्या कत्तलीच्या तारखा, पेट्यांची संख्या आणि वजन पॅकिंग लिस्टशी जुळलं पाहिजे. हे हाताने टाइप करणं बंद करा.

लोगो नेटवरून उचलणं

जाकिमचा लोगो इंटरनेटवर एका मिनिटात सापडतो आणि डिझायनर तो पाकिटावर चिकटवतो. जाकिमने मान्यता दिलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट असणं वेगळं आणि जाकिमने तुम्हाला थेट प्रमाणित करणं वेगळं. पहिल्या प्रकारात तुम्ही तुमच्या संस्थेचा लोगो लावायचा, जाकिमचा नाही. जाकिमचा लोगो असा लावणं मलेशियात २०११ च्या व्यापार वर्णन कायद्याखाली गुन्हा ठरतं. इंडोनेशियाचा २०२२ पासूनचा जांभळा लोगोही परवानगीशिवाय वापरता येत नाही.

क्यूआर कोड आणि ब्लॉकचेनवर सगळा भार

पाकिटावर क्यूआर कोड आहे, स्कॅन केला की तुमच्याच ड्राइव्हवरची पीडीएफ उघडते. ती कुणीही बनवू शकतं, म्हणून तिला काही किंमत नाही. कोड सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या पडताळणीच्या पानावर गेला पाहिजे आणि लॉट क्रमांकही दाखवला पाहिजे.

ब्लॉकचेन, म्हणजे नोंदी साखळीसारख्या जोडून ठेवणारी डिजिटल वही, विकायला येणारे आश्वासनं मोठी देतात. साखळीत घातलेली नोंद नंतर बदलता येत नाही, हे खरं. पण पहिली नोंदच चुकीची असेल तर ती कायमची चुकीची राहते. डिसेंबर २०२० मध्ये मलेशियाच्या जोहोर राज्यात एका गोदामावर धाड पडली. मान्यता नसलेल्या ठिकाणांहून आलेलं गोठवलेलं मांस तिथे खोट्या हलाल शिक्क्यांसह सापडलं. असा घोळ पेटी उघडण्याच्या आणि पुन्हा बांधण्याच्या जागी होतो, तिथे सॉफ्टवेअर पोचत नाही. पेटीचं सील, त्याचा क्रमांक आणि ते लावणाऱ्या माणसाची नोंद हे आधी नीट करा. तंत्रज्ञानावर खर्च त्यानंतर.

गोदामाचंही तेच. परदेशातल्या फुलफिलमेंट गोदामात (जिथून ऑनलाइन ऑर्डरी बांधून पाठवतात तिथे) तुमचा माल कुणाच्या शेजारी ठेवला जातो, परत आलेला माल पुन्हा त्याच रॅकवर जातो का, हे विचारा. मलेशियाचं एमएस २४०० हे मानक खास वाहतूक, गोदाम आणि किरकोळ विक्रीसाठीच आहे.

एक देशांतर्गत बाबही ध्यानात असू द्या. उत्तर प्रदेशने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणित उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यातीचा माल त्यातून वगळला. निर्यातीचं आणि देशातलं पाकीट वेगळ्या एसकेयूखाली ठेवा, नाहीतर एकाच वेबसाइटवरून चुकीचं पाकीट चुकीच्या पिनकोडला जाईल.

तक्रार आलीच तर

ग्राहक चॅटवर विचारतो, ‘कॅप्सूलचं कवच कशाचं आहे?’ आणि सपोर्टवरचा मुलगा पटकन लिहितो, ‘शंभर टक्के हलाल आहे.’ त्याला माहीत नसतं. समोरचा माणूस त्या उत्तरावर विश्वास ठेवून आपल्या घरच्यांना ती गोळी देणार असतो, त्यामुळे हे उत्तर अंदाजाने द्यायचं नाही. सपोर्टच्या पडद्यावर त्या एसकेयूचं सर्टिफिकेट आणि घटकांचं मूळ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ‘तपासून आज संध्याकाळपर्यंत कळवतो’ असं लिहायचं आणि खरंच कळवायचं.

तक्रार गंभीर असेल तर लिस्टिंग त्याच तासात बंद करा. त्या लॉटचा उरलेला माल गोदामात वेगळा काढून त्यावर ‘थांबवला’ असा शिक्का मारा. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला तुम्ही स्वतः कळवा, तिला बातमी दुसऱ्याकडून कळता कामा नये. खरेदीदाराला लॉट क्रमांकासह लेखी सांगा. त्याच पुरवठादाराचा तोच घटक आणखी कोणत्या उत्पादनांत गेला, ही यादी ईआरपीतून काढा. ती तासाभरात निघत नसेल, तर पुढच्या ऑर्डरीआधी हातात घ्यायचं काम तेच आहे.