सागरी डिझेल इंजिनाचे मीटर चुकीचे दाखवत असतील, तर दोष कसा शोधावा

पावसाळी मासेमारी बंदीचे ६१ दिवस किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली नौका ऑगस्टमध्ये पाण्यात उतरते, किल्ली फिरवली जाते आणि तापमानाचा काटा जागचा हलतच नाही, हा अनुभव मिरकरवाड्यापासून देवगडपर्यंत कोणत्याही बंदरात नवा नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी नवा मीटर विकत आणतात आणि तो बसवल्यावरही काटा तसाच राहतो, कारण दोष मीटरमध्ये क्वचितच असतो. तो बहुधा वायरच्या सांध्यात, प्लगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या जोडणीत) असतो आणि साध्या मल्टिमीटरने सापडतो.

मात्र काटा खोटे दाखवत आहे असे आधीच गृहीत धरू नये. चालू इंजिनात ऑइल प्रेशर शून्यावर आले, तर इंजिन ताबडतोब बंद करावे, डिपस्टिकने तेलाची पातळी पाहावी आणि सेंडरच्या, म्हणजे मीटरला आकडा पुरवणाऱ्या इंजिनावरील भागाच्या जागी यांत्रिक प्रेशर गेज लावून खरा दाब तपासावा. तापमानाचा काटा चढला असेल, तर बाहेर पडणारे समुद्राचे पाणी नेहमीच्या जोराने येते का ते पाहावे आणि थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून आकडा ताडून घ्यावा. इंजिन सुस्थितीत असल्याची खात्री झाल्यावरच वायरिंगकडे वळावे.

मीटरला साधारणपणे तीन जोडण्या असतात: किल्लीतून येणारा पुरवठा, अर्थिंग आणि सेंडरची वायर. सेंडर म्हणजे इंजिनावर बसवलेला, तापमान किंवा दाबानुसार बदलणारा विद्युत रोध होय. म्हणून पहिला प्रश्न असा, की एकच काटा बिघडला आहे की सगळे एकदम? सगळे बिघडले असतील, तर सेंडरना हात लावण्याचे कारण नाही. दोष फ्यूज, सामाईक पुरवठा किंवा पॅनेलच्या अर्थिंगमध्ये असतो. दिवे लावताच सगळे काटे एकदम सरकत असतील, तर संशय थेट अर्थिंगवर घ्यावा.

इंजिन आणि पॅनेल यांच्यामधला अनेक पिनांचा प्लग ही माझ्या मते सर्वांत दगाबाज जागा आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो, परंतु बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून तो उघडला, की एखाद्या पिनेवर हिरवा कळंक चढलेला आणि तिच्या मुळाशी पांढरी खारी पूड साचलेली दिसते. अशी पिन बारीक पॉलिश कागदाने घासून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावी. ती ढिली झाली असेल, तर बदलावी. मुख्य स्विच इंजिन चालू असताना कधीही बंद करू नये, त्याने अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड जळू शकतात.

आता किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून मीटरच्या पुरवठ्यावर बॅटरीइतकेच व्होल्टेज येते का ते मोजावे. भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते सुमारे १२.६ व्होल्ट असतो. त्यानंतर मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी पॅनेलच्या अर्थिंगवर ठेवावी. येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर अर्थिंगच्या वाटेत कुठेतरी खराब सांधा आहे.

एकच काटा बिघडला असेल, तर त्याच्या सेंडरची वायर काढावी. तापमानाच्या मीटरमध्ये वायर मोकळी असताना काटा थंड बाजूला राहावा आणि तीच वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवल्यावर पूर्ण गरम बाजूला जावा. तसे झाले, तर मीटर व वायर निर्दोष असून दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा आहे. काटा हललाच नाही, तर मीटरच्या मागे सेंडरच्या टर्मिनलवर हीच चाचणी करावी: तिथे तो हलला, तर मधली वायर तुटलेली आहे. ही वायर पुरवठ्याच्या वायरला चुकूनही लावू नये.

ऑइल प्रेशरच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. युरोपीय पद्धतीच्या सेंडरचा रोध शून्य दाबाला सुमारे १० ओहम व पूर्ण दाबाला १८० ओहम असतो. अमेरिकन पद्धतीत तो २४० ओहमपासून ३३ ओहमपर्यंत उतरतो. त्यामुळे वायर काढल्यावर पहिला काटा वर जातो, दुसरा खाली येतो. दुकानदाराने चुकीच्या पद्धतीचा सेंडर दिला, तर सगळे सांधे स्वच्छ असूनही काटा उलट चालतो. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे दिल्यास एका टर्मिनलच्या सेंडरचे अर्थिंगही तुटू शकते. दोन टर्मिनलच्या काही सेंडरमध्ये अर्थिंगची वायर वेगळी असते, तिथे ती इंजिनाच्या अंगाला जोडू नये.

आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा उड्या मारत असेल, तर अल्टरनेटरचा पट्टा ताणून पाहावा आणि या मीटरला संकेत देणाऱ्या त्याच्या डब्ल्यू टर्मिनलची वायर तपासावी.

नवा सांधा करताना वायर पिळून टेप गुंडाळू नये. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, क्रिंप टर्मिनल (पकडीने दाबून बसवायचे टोक) आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी वापरावी. शेवटी नौका धक्क्याला बांधूनच इंजिन गरम होईपर्यंत चालवावे, थर्मामीटरचा आकडा काट्याशी जुळवावा आणि निरोगी इंजिनाचे तापमान, दाब व व्होल्टेज पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मार्करने लिहून ठेवावे.