जमीन मऊ असताना लहान विमान उतरवताय? या चुका टाळा

१९३२ मध्ये सुरू झालेली टाटांची हवाई टपालसेवा पावसाळ्यात पुण्याला हलवावी लागे, कारण जुहूच्या मैदानात पाणी साचायचं. आज जुहूची धावपट्टी पक्की आहे. तरी मुंबईहून धुळे-बारामतीला विमान शिकायला जाणाऱ्यांनी भिजलेली माती ओळखायलाच हवी. पक्क्या धावपट्टीवरून चाक कडेला घसरलं की गाठ मातीशीच असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टेकल्यावर योक (विमानाचं पुढे-मागे होणारं स्टिअरिंग) सैल सोडणं. मेन व्हील्स (पंखांखालची मुख्य चाकं) रुतू लागली की माती त्यांना मागे ओढते, वजन मात्र पुढेच धावतं आणि नाक खाली जातं. त्यात ब्रेक दाबला की नोजव्हील (नाकाखालचं चाक) खुपसतं, त्याचा फोर्क वाकतो, फायरवॉल (इंजिनामागची भिंत) चुरगळते, प्रॉपेलर जमिनीला लागतो. विमान उलटूही शकतं. सेस्ना १७२सारख्या विमानात वेग उतरेल तसा एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीचा) जोर घटतो, म्हणून योक आणखी आणखी मागे घ्या, पार शेवटपर्यंत. नाक बसल्यावरही तो तिथेच धरा. ब्रेकला पाय नको.

‘थोडा जास्त वेग बरा’ हा समज इथे घातक आहे. फुल फ्लॅप (पंखांमागच्या पट्ट्या पूर्ण खाली) आणि मॅन्युअलमधला अप्रोचचा, म्हणजे धावपट्टीकडे येतानाचा वेग, एवढंच पाळा. फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर, एकदम बंद केलात तर शेपटीवरचा प्रॉपेलरचा वारा तुटतो आणि विमान आदळतं. किंचित पॉवर राहू द्या. जास्त ठेवलीत तर विमान तरंगत राहील.

कोरड्या गवतासाठी १७२एसचं मॅन्युअल लँडिंगच्या ग्राउंड रोलमध्ये (टेकल्यापासून थांबेपर्यंतच्या अंतरात) ४५ टक्के वाढ करायला सांगतं. ओल्या गवतावर चाकं घसरतात, तेव्हा त्याहून जास्त धरा. उलट चिखलात विमान लवकर थांबतं आणि फसगत होते: उतरलात खरे, पण तिथून टेक-ऑफ होणार नाही. आधी पट्टी चालून बघा.

टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) थांबू नका, वळणं मोठी घ्या. रुतलंच तर थ्रॉटल रेटू नका. इंजिन बंद करून माणसं बोलवा. व्हील फेअरिंगमध्ये (चाकावरच्या आवरणात) चिखल भरून चाक अडकतं, म्हणून पावसाळ्यात ती काढून ठेवलेली बरी.

प्रॉपेलर उंच गवतात किंवा पाण्यात लागून आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) अचानक पडला, तर पाती सरळ दिसली तरी इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या सर्व्हिस बुलेटिन ५३३ नुसार तो प्रॉपेलर स्ट्राइकच (प्रॉपेलर आदळणं). इंजिनची तपासणी होईपर्यंत उडू नका.