काढणीपूर्व सल्ला : मालाच्या नोंदी संस्थेच्याच ताब्यात ठेवा

काढणी सुरू झाली की वजनकाट्यापुढे रांग लागते आणि नोंदींकडे पाहायला कोणालाच सवड उरत नाही. म्हणून लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी नोंदींची घडी निदान महिनाभर आधी बसवून घ्यावी. शेतांचे नकाशे, सभासदांची यादी आणि आवकेचा हिशेब सभासदांच्या कष्टातून तयार होतो. पुष्कळदा तो साठतो मात्र खरेदीदाराकडे किंवा नोंदी ठेवण्याचे ॲप पुरवणाऱ्या कंपनीकडे, आणि खरेदीदार बदलला की संस्थेला सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमात कॉफी, कोको, सोयाबीन, रबर, पामतेल, लाकूड आणि गुरे हा माल येतो. पीक ज्या जमिनीत आले तिचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर किमान सहा अंकांपर्यंत द्यावे लागतात. ४ हेक्टरपेक्षा मोठ्या शेताची पूर्ण हद्द लागते, लहान शेताला एक बिंदू पुरतो. या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल युरोपीय संघाच्या बाजारात चालत नाही. माहिती सादर करण्याची जबाबदारी तेथील बाजारात माल आणणाऱ्या व्यापाऱ्याची असली, तरी शेतोशेत फिरण्याचे काम बहुधा संस्थेचीच माणसे करतात. त्या मोजणीची मूळ प्रत संस्थेकडे राहणे हा आमच्या मते तिचा हक्कच आहे.

मोजणी करताना केवळ सहा अंक दिसतात म्हणून आकडा अचूक समजू नये. सहावा अंक सुमारे ११ सेंटिमीटरचा फरक दाखवतो, तर झाडांच्या दाट सावलीत मोबाइल काही मीटरने चुकतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, आकडा स्थिर झाल्यावरच नोंद घ्यावी. दोन हद्दी नकाशावर एकमेकींवर चढल्या असतील, तर दोन्ही शेतकऱ्यांना सोबत घेऊन बांधावरून पुन्हा फिरावे.

नोंदींची साखळी सर्वाधिक तुटते ती गोदामात. वजनपावतीवर सभासद क्रमांक, शेत क्रमांक, तारीख आणि लॉट (म्हणजे एकत्र नोंदलेली मालाची खेप) क्रमांक असावा. अनेकांचा माल एकत्र केला, तर नव्या लॉटमध्ये कोणते जुने लॉट गेले आणि प्रत्येकाचे वजन किती, हे त्याच दिवशी लिहावे. वाळवण्यापूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन्ही वजने नोंदवावीत, नाहीतर आर्द्रतेमुळे आलेली तूट चोरीसारखी दिसते. एखाद्या सभासदाच्या नावावर त्याच्या क्षेत्रात पिकूच शकणार नाही इतका माल आला असेल, तर बाहेरचा माल मिसळल्याची चौकशी संस्थेनेच आधी करावी.

ॲपचा करारनामा संचालक मंडळाने सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा. माहितीची मालकी संस्थेची व सभासदांची राहील, ती ठरलेल्या कामापलीकडे वापरली किंवा तिसऱ्याला दिली जाणार नाही, आणि करार संपल्यावर सर्व नोंदी कोणत्याही संगणकावर उघडतील अशा स्वरूपात परत मिळून कंपनीकडील प्रत पुसली जाईल, ही कलमे त्यात हवीतच. केवळ कलमावर विसंबू नये. हंगामापूर्वीच एकदा सर्व नोंदी उतरवून घेऊन संस्थेच्या संगणकावर उघडून पाहाव्यात. मुख्य पासवर्ड संस्थेच्या दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा.

कोणती माहिती कोणाकडे जाणार, हे प्रत्येक सभासदाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे आणि मगच संमती घ्यावी. खरेदीदाराला शेताची हद्द लागत असेल तर तेवढीच द्यावी. सभासदाचा फोन क्रमांक, बँक खाते किंवा कर्जाचा तपशील त्या यादीसोबत पाठवू नये.