पावसात गगनबावड्याला गाडी काढताय?

कोल्हापूरकराला हवा बदलायला लांब जावं लागत नाही. रंकाळ्यावर नुसती भुरभुर असते आणि ५५ किलोमीटरवर गगनबावड्यात ढग रस्त्यावर उतरलेले असतात. मजा त्यातच आहे, पण रेनकोट वाटेतल्या कळे गावातच चढवा. साळवणच्या पुढं भिजल्यावर घालून उपयोग नाही.

वर खरा त्रास पावसाचा नसतो, हेल्मेटच्या काचेवर आतून धरणाऱ्या वाफेचा असतो. आदल्या रात्री भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काचेला आतून पसरवा, वाळू द्या आणि मऊ फडक्यानं डाग दिसेनासा होईपर्यंत पुसा. (काचेला अँटीफॉग कोटिंग असेल तर हा उद्योग नको.) शिवाय काच एक खटका वर ठेवा. धुक्यात हेडलाइट डिपरवरच हवा. अप्पर मारला की समोर नुसती पांढरी भिंत.

करूळ घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे बहाद्दर भेटतील, त्यांना पुढं जाऊ द्या. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून हलके लावायचे. दरडीमुळं घाट बंद आहे का, हे गगनबावड्यातच विचारून घ्या.

खाली वैभववाडीत उकडतं, तेव्हा आत सुती शर्टच बरा. हिवाळ्यात हाच रस्ता कोरडा आणि झकास असतो. फक्त गळीत हंगामात कुडित्र्याच्या आसपास अंधार पडल्यावर जपून. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही.