कोबी-मिरचीच्या तरूला (रोपांना) जिवाणू लावताय? आधी बादली बघा

जिवाणू खत म्हणजे विरजणच समजा, कडकडीत दुधात घातलं तर दही लागतंय काय? तसंच याचं. बेळगाव-खानापूर पट्ट्यातली आपली तांबडी माती आंबट, डीएपी खत टाकलं की त्यातलं बरंच स्फुरद (फॉस्फरस) मातीतल्या लोह-अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसतं आणि पीक उपाशीच. ते सोडवायला पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, हवेतलं नत्र धरायला अ‍ॅझोटोबॅक्टर, भाजीला ही दोन पाकिटं बास. धारवाडच्या कृषी विद्यापीठात मिळतात, जवळच्या रयत संपर्क केंद्रात पण विचारून बघा. पाकिटावरची तारीख तेवढी वाचा, कन्नड येत नसेल तर पोराला वाचायला लावा, मुदत संपलेलं फुकट दिलं तरी नको.

लावण ऊन उतरल्यावर करायची. 10 लिटर पाण्यात दोन्ही 250-250 ग्रॅम, मूठभर गूळ, नीट ढवळायचं आणि तरूच्या जुड्या 15-20 मिनिटं उभ्या ठेवायच्या, नुसती मुळं बुडतील एवढंच पाणी. मुळांना काजळीसारखा काळा लेप बसतो, तो धुवायचा नाही, तसंच ओल्या सरीत लावायचं.

मी पहिल्या वर्षी मोरचूद (तांब्याचं औषध) कालवलेली बादली नुसती विसळून घेतली होती ओ! तांब्यानं जिवाणू मरतात हे कुठं ठाऊक होतं, कोबीत काडीचा फरक नाही आणि वर्षभर शिव्या मात्र पाकिटाला.

रानात टाकायचं तर एकरी 2-2 किलो, 100 किलो कुजलेल्या शेणखतात कालवून, ओलसर करून रात्रभर सावलीत गोणपाटाखाली ठेवा, सकाळी सरीत टाकून लगेच मातीआड करा. युरिया-डीएपीत मिसळू नका, आठेक दिवस मध्ये जाऊ द्यात. आणि युरिया एकदम बंद पण करू नका, आधी चार सऱ्यांत पाव हिस्सा कमी करून बघा.

वाटाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी करून नत्र धरणारे जिवाणू, किलोभर बियाला 25 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात चोळून सावलीत सुकवायचं. घरात सोयाबीनचं उरलंय म्हणून तेच लावू नका, त्याचे जिवाणू वेगळे, वाटाण्याला चालत नाहीत. महिन्याभरानं एक झाड मातीसकट उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा, आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे, पांढरी असली तर नाही.